अंगात मुरलेलं सोनं

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आता माझ्यासमोर मरणार, अशी माझी खात्री झाली होती.

भोरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. मधल्या सुट्टीत जिन्यापाशी उभी होते आणि वरून एक उंच, सडपातळ बाई उतरत होत्या. एका हातात मिटलेली काळी छत्री, दुसऱ्या हातात काचेच्या नळ्यांचा स्टँड. खिडकीतून उन्हाची तिरीप त्यांच्या तोंडावर पडली. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, सगळं निळसर करडं होतं. जांभळं खाऊन पुसलेली बोटं वाळल्यावर दिसतात, तसा रंग. रक्तात प्राणवायू कमी पडला की माणूस निळा पडतो, हे मी तासाभरापूर्वीच मुलांना सांगितलं होतं. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं, त्यांना पायरीवर बसवलं आणि शिपायाला ओरडून गाडी आणायला सांगितलं. शिपाई जागचा हलला नाही. तो नुसता हसत होता, आणि त्या हसण्याचा मला भयंकर राग आला.

बाई मात्र शहाण्या पेशंटसारख्या बसून राहिल्या. मला नाडी पूर्ण मोजू दिली. मग म्हणाल्या, "नीट चाललीय ना? मग आता पुढचं निदान सांगा."

त्यांनी स्टँड खाली ठेवला आणि डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडलं. पट्ट्याखाली गव्हाळ, स्वच्छ कातडीची एक पट्टी होती. दोन्ही बाजूंनी निळसर हात आणि मधे ती पट्टी, जणू दुसऱ्याच बाईची कातडी आणून तिथे गुंडाळली असावी.

"हा माझा मूळचा रंग," त्या म्हणाल्या. "उघड्या अंगावर घड्याळाखाली तेवढा शिल्लक आहे. बाकीचं सोनं आहे. घाबरू नका, नाडीला काही होत नाही."

मग घड्याळ बांधून, स्टँड उचलून त्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे निघून गेल्या.

सोन्याची हकिकत मला हळूहळू कळली, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. ऐन विशीत बाईंना संधिवात झाला होता. म्हातारपणीचा नव्हे, तरुण माणसाचे सांधे आतून पोखरणारा. त्या काळी त्यावर सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं देत. पुण्याचे एक डॉक्टर दर आठवड्याला बाईंना ती देत होते. संधिवात आटोक्यात आला, पण औषधातलं थोडं सोनं कातडीखाली साचलं, तिथे त्याचे अतिशय बारीक कण झाले, आणि ऊन लागेल तसतसे ते रंग दाखवू लागले. क्वचित कुणाला होतं तसं. बाईंना झालं.

हे त्या इतक्या कोरडेपणाने सांगत की ऐकणाऱ्याला वाईट वाटायला फुरसत मिळत नसे. एसटीत एखादं पोर त्यांच्याकडे बोट दाखवून आईला विचारायचं, ही बाई निळी का? आई त्याचं बोट खाली ओढायची, आणि बाई त्या पोराला जवळ बोलवून सांगायच्या की सोनं खूप बारीक केलं की पिवळं राहत नाही. लाल होतं, जांभळं होतं, निळं होतं. रंग कणाच्या मापावर असतो. पोराला काही कळायचं नाही, पण त्याची भीती जायची. त्याची आई मात्र उतरेपर्यंत आपलं मंगळसूत्र हातात धरून त्यातल्या सोन्याकडे बघत बसायची, हे मी स्वतः पाहिलंय.

उन्हाशी बाईंचं कायमचं वैर होतं. भोरहून वेल्ह्याला जाताना, म्हणजे त्यांच्या माहेरी, एसटी कुठे वळते आणि किती वाजता कुठल्या बाजूला ऊन येतं, हे त्यांना पाठ होतं. कामथडीपर्यंत त्या डावीकडे बसायच्या, नसरापूर सोडलं की उठून उजवीकडे. गाडी खच्चून भरलेली असली तरी. "अहो, जरा सरका, माझा सूर्य बदलला," असं म्हणून त्या माणसांना उठवायच्या. नेहमीचे कंडक्टर त्यांच्यासाठी जागा सांभाळून ठेवत. अंगावर सोन्याचा एक मणीसुद्धा नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायच्या, पोटभर जेवलेल्या माणसाने परत ताटावर बसू नये.

आणि कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचे दोनच प्रश्न असत. "माप काय? आणि अंगावर काय?" मुलगा प्रयोग दाखवायला आला, हेच प्रश्न. नवं खत बाजारात आलं, हेच प्रश्न. एकदा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याला सांगून आलेल्या स्थळाची चर्चा चालली होती, तिथेही त्यांनी हेच विचारलं, आणि तो सहकारी त्यांच्याशी आठवडाभर बोलला नाही.

हे प्रश्न आले कुठून ते मी त्यांच्या प्रयोगशाळेत पाहिलं. बारावीच्या मुलांना त्या दरवर्षी एक प्रयोग दाखवायच्या, जो अभ्यासक्रमात नव्हता. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवून उकळायला ठेवायचा आणि त्यात लिंबाच्या आम्लापासून केलेला एक क्षार टाकायचा. फिकट पिवळं पाणी आधी काळपट होतं, मग बघता बघता माणकासारखं लाल. वर्गात कुणी श्वास घ्यायचं नाही. उत्रोलीची, आंबाड्याची, घाटाकडची मुलं, भाताच्या चिखलातून थेट वर्गात आलेली, त्या लाल पाण्याकडे अशी बघायची की माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवायचं नाही.

मग बाई ते लाल पाणी दोन पेल्यांत ओतायच्या. एकात चिमूटभर जिलेटिन घालून ढवळायच्या. आणि शेवटी दोन्हींत मिठाचं पाणी. साध्या पेल्यातलं सोनं डोळ्यांदेखत निळं पडायचं, जिलेटिनच्या पेल्यातलं लालच राहायचं.

"सोनं एकच," त्या म्हणायच्या. "एकाच भांड्यातलं. पण याने सदरा घातलाय, म्हणून मीठ याला हात लावू शकत नाही. हा उघडा होता, याचे कण एकमेकांना चिकटले, माप वाढलं, रंग गेला. आपल्या रक्तातही मीठ आहे. मग मला सांगा, सोनं शरीरात पाठवायचं तर आधी काय विचारायला हवं?"

वर्ग एका सुरात ओरडायचा, आणि बाईंच्या निळ्या चेहऱ्यावर हसू यायचं.

मला खरा धक्का बसला तो अंड्यांच्या वेळी. बाईंना बघायचं होतं की सोन्याच्या कणाचं माप आणि त्याच्यावरचा थर बदलला तर जिवंत पेशींवर काय फरक पडतो. आज जगभर सोन्याच्या अशा कणांवर औषध चढवून ते कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचवायचे प्रयत्न चालू आहेत, त्यामुळे हा प्रश्न मोठमोठ्या प्रयोगशाळांत रोज विचारला जातो. बाईंनी तो भोरच्या कॉलेजात, थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब लावून विचारला. शिवऱ्याला हमरस्त्यालगत पोल्ट्री असलेले एक चाचा होते. त्यांच्याकडून त्यांनी फळलेली अंडी आणली. चाचांनी विचारलं, मॅडम, पिल्लं पाळणार का? बाई म्हणाल्या, नाही, त्यांना सोनं पाजणार. चाचांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं की मॅडमची तब्येत बरी असते ना.

प्राण्यांचं काम म्हणून बाईंनी मला बरोबर घेतलं. अंड्याच्या टोकाला कवचाला खिडकी पाडली की आत लाल रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, आणि मधे मोहरीएवढं हृदय, टुकटुक उडणारं. काही अंड्यांत आम्ही जिलेटिन चढवलेलं सोनं सोडलं, काहींत साबणाच्या जातीचं एक रसायन चढवलेलं. कणांना हवा तो आकार देण्यासाठी ते रसायन वापरतात. मापं जवळजवळ सारखी.

दुसऱ्या दिवशी जिलेटिनवाली हृदयं उडत होती. साबणवाल्या अंड्यांतली सगळी थांबली होती. रक्तवाहिन्या फुटून जाळं पसरलं होतं, आणि एका अंड्यात हृदय माझ्या देखत, भिंगाखाली, दोनदा अडखळलं आणि थांबलं. मी इतकी वर्षं बेडूक चिरलेत, पण त्या क्षणी मला भिंग बाजूला करावंसं वाटलं.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तोंड फिरवू नकोस. बघ. सोन्याने नाही मारलं याला. सोन्याच्या कपड्याने मारलं."

पुढच्या खेपेला त्यांनी त्याच साबणवाल्या कणांवर आणखी एक निरुपद्रवी थर चढवला. तीच विषारी वस्तू आत, वर चांगला सदरा. त्या अंड्यांतली हृदयं चालू राहिली. मी आनंदले. बाई मात्र पेन बंद करून म्हणाल्या, "आत शरीरात गेल्यावर सदरा फाटला तर?"

मापाचंही त्यांनी मला तेव्हाच समजावलं. अगदी बारीक कण असेल तर तो मूत्रपिंडाच्या चाळणीतून गळून लघवीवाटे बाहेर जातो. त्याहून मोठा असेल तर बाहेर पडायला वाट नाही. मग तो यकृतात, प्लीहेत जाऊन बसतो, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. "माझं तसंच आहे," म्हणाल्या. "दारातून आत आलं आणि मग त्याला दारातून बाहेर पडता येईना."

लेझरची गोष्ट त्यानंतरची.

बाईंची एक धाकटी बहीण होती. वेल्ह्याजवळच्या एका गावात तिचं सासर, घरी भातशेती, आणि ती स्वतः गावच्या अंगणवाडीत सेविका. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या मुलीने लहानपणी हातावर कसलंसं नाव गोंदवून घेतलं होतं. लग्नाआधी पुण्यात लेझरने ते काढलं, आणि हात असा स्वच्छ झाला की बहिणीच्या डोक्यात एक विचार आला. भोरच्या बाजाराला आली तेव्हा ती कॉलेजात येऊन बाईंसमोर बसली. बाई तिच्यासाठी अक्का होत्या. ती म्हणाली, अक्का, पोरीचं गोंदान गेलं, तर तुजं बी जाईल. मांडवात चार मान्सं बघत्यात, मला त्यांचं बघनं सोसत न्हाई.

मला वाटलं, बाई तिला मापावरून एक व्याख्यान देतील. त्यांनी बहिणीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, बरं, जाऊ.

त्यांच्यासोबत मी गेले. त्वचेचे डॉक्टर तरुण होते आणि नेमस्त होते. बाईंनी सोन्याच्या इंजेक्शनांबद्दल पहिल्याच वाक्यात सांगितलं. ते म्हणाले की असा पेशंट त्यांनी आजवर पाहिलेला नाही. आधी कानाजवळ एका छोट्या जागेवर करून बघू, मग पुढचं ठरवू. गोंदणाच्या शाईचे कण लेझरने फुटतात आणि शरीर ते उचलून नेतं. सोन्याचंही तसं व्हायला हवं, असं त्यांना वाटत होतं. बाईंनाही वाटत होतं. डोळ्यांवर झापडं लावून त्या आडव्या झाल्या.

टक् असा आवाज झाला, जळक्या केसाचा वास आला. आणि जिथे किरण लागला तिथे, माझ्या डोळ्यांसमोर, पापणी लवायच्या आत, एक काळानिळा ठिपका उमटला. शाईच्या पेनातून थेंब गळावा तसा. डॉक्टरांचा हात बटणावरून सुटण्याआधी तसे आणखी दोन झाले. मग त्यांनी यंत्र बंद केलं आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. मी बाईंचा हात घट्ट धरला होता.

बाईंनी झापडं काढली, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि आरसा मागितला. कितीतरी वेळ त्या आरशात बघत होत्या. करड्या गालावर तीन काळेनिळे ठिपके, कायमचे. डॉक्टर माफी मागायला लागले तर त्यांना हातानेच थांबवलं. मग त्या घड्याळ सोडायला लागल्या.

आता काय होणार ते मला कळलं आणि मी म्हणाले, नको, बाई.

त्यांनी ती मनगटावरची गव्हाळ पट्टी डॉक्टरांसमोर धरली. "इथे मारा. एकदाच."

डॉक्टर नाही म्हणाले. ऊन न लागलेल्या कातडीवर विनाकारण हे करणार नाही म्हणाले. बाई म्हणाल्या की कारण आहे. इथे रंग नाही, पण सोनं आहे की नाही, हे त्यांना आयुष्यभर माहीत करून घ्यायचं होतं. आणि उद्या डॉक्टरांकडे दुसरा कुणी असा पेशंट आला, औषधाचं नाव विसरलेला, तर त्याच्या स्वच्छ दिसणाऱ्या कातडीतही सोनं असू शकतं हे त्यांना कसं कळणार? शेवटी बाईंनी तशी संमती लिहून दिली, सही केली, आणि डॉक्टरांनी अगदी कमी जोरावर एक किरण सोडला. त्या स्वच्छ कातडीवर, जिथे बाईंचा मूळचा रंग तेवढा उरला होता, तिथेही निळा ठिपका उमटला.

मला रडू कोसळलं. बाई त्या ठिपक्याकडे वाकून बघत होत्या. परतीच्या एसटीत त्या सावलीची बाजू न बघता मिळेल त्या जागेवर बसल्या, आणि कात्रजचा बोगदा गेल्यावर एकदाच बोलल्या. "म्हणजे सगळीकडेच होतं. फक्त दिसत नव्हतं."

डॉक्टर स्वस्थ बसले नाहीत. बाईंच्या मनगटावरच्या कातडीचे दोन बारीक तुकडे, एक ठिपक्यातला आणि एक शेजारचा, त्यांनी पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत पाठवले. बाईंची अट एकच होती, चित्रं आली की आपल्याला दाखवायची. काही आठवड्यांनी आम्ही त्या संस्थेत जाऊन ती बघितली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेली, काळी-पांढरी. पेशीच्या पोटात छोट्या छोट्या पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत काळे कण, खसखशीसारखे. शेजारच्या तुकड्यात ते बारीक आणि विखुरलेले. ठिपक्यातल्या तुकड्यात त्यांचं रूप पालटलेलं, वितळून जमल्यासारखं. किरणाच्या उष्णतेने त्यांची घडण बदलली होती, आणि रंगही.

बाईंनी त्या पिशवीवर बोट ठेवून विचारलं की हा थर कुणी दिला. तिथल्या माणसाने सांगितलं की शरीराने. बाहेरचा कण आत आला की रक्तातली प्रथिनं आधी त्याला चिकटतात, मग पेशी त्याला गिळून पिशवीत बंद करते. तुम्ही कुठलाही थर देऊन पाठवा, शरीर वरून आपला चढवतंच.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. अंड्यांच्या वेळी ज्या बाईंनी मला तोंड फिरवू दिलं नव्हतं, त्यांनी त्या चित्रावरून नजर काढली. "इतकी वर्षं मी समजत होते, हे माझ्यात परकं पडून आहे," त्या म्हणाल्या.

ते चित्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत अजून आहे. बाई निवृत्त झाल्या, वेल्ह्याकडे राहायला गेल्या, मीही आता भोरला नाही. पण मुलं त्या चित्रासमोर उभी राहून माप काय आणि अंगावर काय हे विचारतात, असं ऐकते.

सांगायचं राहिलं ते बाईंच्या भाचीचं लग्न. बहिणीच्या घरी मी बाईंबरोबर आदल्या दिवशीच पोचले होते. लेझरचं काय झालं हे बाईंनी बहिणीला फोनवर सांगितलंच नव्हतं. आम्ही अंगणात शिरलो. बहीण रुखवताच्या पाट्या मांडत होती. तिने वर पाहिलं, आणि हातातली पाटी तशीच राहिली. ती उठून जवळ आली. बोटाने एकेक ठिपका चाचपला, पुसला जातो का बघितलं. मग मटकन ओट्यावर बसली.

तिच्या तोंडून आधी या डॉक्टरचा उद्धार झाला. मग त्या जुन्या डॉक्टरचा, ज्याने सुया टोचल्या होत्या. ती म्हणाली, "त्या मुडद्यानं माज्या अक्काचं वाटुळं केलं. त्याला कळत नव्हतं, तर सुई हातात घ्यायची कशाला? म्या रोज दिवा लावताना त्याला शिव्या घातल्यात, अजून घालते." पाहुणे जमायला लागले होते, नवरा तिला आत चल म्हणत होता, ती ऐकेना.

बाई तिच्या शेजारी टेकल्या. कोपऱ्यात मुंडावळ्या ओवायच्या पडल्या होत्या, त्यातला दोरा त्यांनी हातात घेतला होता, आणि बोलताना त्या मोती ओवत राहिल्या.

"त्यांना शिव्या नको देऊस," त्या म्हणाल्या. "त्यांना कळलं होतं. तोंड करडं पडायला लागलं तेव्हा त्यांनीच मला दाखवलं. म्हणाले, इथे थांबलो तर रंग बहुधा इतकाच राहील, पण हात पुन्हा आखडतील. पुढे गेलो तर हात सुटतील, तोंडाचं सांगता येत नाही. काय करू?"

बहीण त्यांच्याकडे बघत होती.

"मी म्हणाले, पुढे जा."

मला स्वतःला कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. इतकी वर्षं मी बाईंना औषधाच्या चुकीचा बळी समजत आले होते. बाईंनी कधी तसं म्हटलं नव्हतं, मीच धरून चालले होते.

"कशापायी?" बहिणीने विचारलं.

मग जे बाईंनी सांगितलं, त्यातलं बरंच मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. आजारपणात बाईंच्या दोन्ही हातांच्या मुठी मिटलेल्या राहायच्या. पोलक्याची बटणं लागत नव्हती, घास तोंडापर्यंत जात नव्हता. बाई तेव्हा भोरला एका खोलीत राहून शिकत होत्या, आणि घरच्यांनी धाकटीला शाळेतून काढून त्यांच्याकडे पाठवलं होतं. ती रोज बाईंची वेणी घालायची, त्यांना भरवायची, धुणं धुवायची. शाळेची घंटा झाली की खिडकीत जाऊन उभी राहायची.

"तू खिडकीत उभी राहायचीस ना, मी झोपेचं सोंग घेऊन बघायचे," बाई म्हणाल्या. "हात सुटले, तू परत शाळेत गेलीस. मला एवढंच हवं होतं."

बहीण उठली, पदराने तोंड पुसलं आणि आत पाहुण्यांचं बघायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. बाई पहिल्या रांगेत उभ्या होत्या, ठिपक्यांसकट, छत्री न घेता. फोटो काढताना बहिणीने त्यांना ओढून मुलीच्या अगदी शेजारी उभं केलं. पण ती त्यांच्याशी बोलली मात्र नाही, दिवसभर एक शब्दही नाही. मला वाटलं, रागावली असेल. बाईंनाही तसंच वाटलं असावं. त्या जेवल्या नाहीत नीट.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीची वाट बघत फाट्यावर उभ्या होतो. समोर तोरण्यावर ऊन चढलं होतं. गाडी आली, आम्ही पाय ठेवणार, तेवढ्यात बहीण लांबून लगबगीने येताना दिसली. कंडक्टरला तिने हाताने थांबवलं. पिशवीत तांदूळ, लाडू असतील म्हणून मी हात पुढे केला, पण तिच्या हातात काहीच नव्हतं. ती बाईंसमोर उभी राहिली. तिचे डोळे रडून सुजलेले होते.

"अक्का," ती म्हणाली, "तवा लई दुकायचं का गं?"

हे बाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. रंगाबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं. बाईंनी तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता सांधा, सूज, पेशी असं काहीतरी सुरू होईल. कंडक्टर थांबला होता. पण इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून न ऐकलेली त्यांच्या घरची बोली मी ऐकली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई."